काच बाहेर, माणूस आत

थर्मास फुटतो तेव्हा फारसा आवाज होत नाही. पोटातल्या पोटात 'फप्' होतं आणि संपतं. बाहेरून सगळं जसंच्या तसं राहतं. लाल प्लास्टिक, त्यावरची पिवळी फुलं, पांढरं झाकण. हलवून पाहिला तरच आतली खळखळ ऐकू येते.

माझा थर्मास असा फुटला तो सत्त्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला, रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. शेळगाव आणि अंथुर्णे यांच्या मधल्या माळावर मोटारसायकलींच्या शर्यती चालल्या होत्या. मी एका धोंड्यावर मांडीत थर्मास घेऊन बसलो होतो. कोल्हापूरचा एक गडी मातीच्या उंचवट्यावरून गाडीसकट असा उडाला, की क्षणभर त्याच्या चाकांखालून मला पलीकडचा ऊस दिसला. मी "वाहवा!" म्हणून उठलो आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मांडीत थर्मास असलेल्या माणसाने उठून टाळ्या वाजवू नयेत, हे मला त्या दिवशी कळलं.

कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे कोल्हापूरच्या त्या गड्यावर. आता मी थर्मास तसाच बंद ठेवून मुकाट्याने घरी नेला असता, तर नुकसान फक्त चहाचं आणि माझ्या सासूबाईंचं झालं असतं. थर्मास त्यांनी लोणी भापकरहून दिवाळसणाला दिलेला होता. पण मला दुसरीच धास्ती पडली. माळातून बाहेर पडायला एकच फाटक, आणि त्या फाटकावर गेणबा बसलेला. गेणबा येणाऱ्या-जाणाऱ्याची प्रत्येक वस्तू कानाशी नेऊन नारळासारखी हलवून बघायचा. खळखळ त्याला ऐकू गेली असती, आणि ती ऐकू जाणं मला परवडण्यासारखं नव्हतं. कारण त्या माळावर काच आणू नये, अशी पत्रकं ज्याने छापली होती तो माणूस मी होतो.

म्हणून मी उठलो. अख्ख्या माळावर झाड म्हणून एकच, एक जुना कडुलिंब. शर्यतीच्या वाटेपासून बराच लांब, तिकडे चिटपाखरू नव्हतं. लिंबाच्या आडोशाला गेलो, थर्मासची खालची चकती फिरवली आणि चहासकट सगळी काच बुंध्याशी ओतली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, एका बाजूने चांदीसारखी चकचकीत. बुटाने वर मुरूम लोटला. मुरमावर एक चपटा दगड ठेवला. मांजरही आपलं केलेलं झाकतं, पण ते झाकल्यावर माझ्यासारखं चारी बाजूंना बघून शीळ घालत नाही.

एवढं वाचून, 'थर्मासच्या आत काच असते हे तुमच्या ध्यानात आलं नसेल हो,' असं कुणी दयाळू वाचक म्हणेल. तसं म्हणायची सोय असती तर मी ती सोडली नसती. पण आदल्याच दिवाळीत थर्मासची आधीची काच गेली होती आणि बारामतीच्या बाजारातून नवी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, बाळंतिणीच्या खोलीतून तान्हं पोर आणावं तशी छातीशी धरून मीच आणली होती.

*

आता गेणबाविषयी सांगतो. हा लेख खरं तर त्याच्याविषयीच आहे, माझा थर्मास मध्ये उगाच आला. तो तसा तिकडेही उगाचच गेला होता.

गेणबा तेव्हा साठीच्या आसपासचा. उंच, वाळलेला, अंगात बंडी, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं. उभा राहिला की काठीवर सगळा भार टाकून एक पाय दुसऱ्या पायाच्या नडगीला लावायचा. त्याचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. दिवाळी झाली की त्यांच्या माणसांची मेंढरं कोकणात उतरतात आणि मृगाच्या तोंडाला परत माळावर येतात. गेणबाचे गुडघे गेल्यापासून तो मात्र मागे राहायचा. बायको म्हाळसा, दीड एकर ज्वारी, चार म्हाताऱ्या मेंढ्या आणि माळ, एवढं सांभाळायचा. माळ गायरानाचा, कुणा एकाच्या मालकीचा नाही. पण कोकणात जाताना सगळे तो गेणबाच्या हवाली करून जात.

बारामतीत आमच्या छापखान्यासमोर फिरोजचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. शर्यतींची कल्पना फिरोजची. पुणे, कोल्हापूर, नाशिक, अगदी बेंगळूरूहून गाड्या येणार, दोन दिवस राहणार, माळावर तंबू ठोकणार. फिरोज मला घेऊन गेणबाकडे गेला. त्याने पाऊण तास शर्यतीचं महत्त्व सांगितलं. गेणबाने ते मेंढरू औषध पितं तसं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "दोन दिस फटफट्या फिरवा, माजी ना न्हाय. चाकानं गवात मरत न्हाय. पन माळावर काच येता कामा न्हाय."

"काच?" फिरोज म्हणाला.

"बाटली. शिसा. बरनी. जे फुटतंय आन् चमाकतंय त्ये."

तीन वर्षांपूर्वी माळावर कुणी सहलीला आलं होतं. त्यांनी एक बाटली फोडली. तिचा तुकडा गेणबाच्या पुतण्याच्या कळपातल्या पट्टीच्या बकऱ्याच्या खुराच्या बेचक्यात गेला, खूर कुजला आणि चांगला तरणाताठा बकरा महिन्यात गेला. "मानूस वाट बघून चालतं," गेणबा म्हणाला. "मेंढरू म्होरल्या मेंढराचं ढुंगान बघून चालतं. खाली काय हाय त्ये त्येला कोन सांगनार?"

फिरोजने लगेच कबूल केलं. फिरोज कुठलीही गोष्ट लगेच कबूल करतो, म्हणून तर त्याच्या गॅरेजसमोर नेहमी दहा माणसं उभी असतात. पण गेणबाने नुसत्या शब्दावर भागवलं नाही. माळाच्या कडेला बिरोबाचं दगडी देऊळ आहे. तो आम्हाला तिकडे घेऊन गेला, देवापुढच्या वाटीतला भंडारा मुठीत घेतला आणि कोकणातल्या सगळ्या माणसांच्या वतीने देवाला सांगितलं, की मेंढरं माघारी येतील तेव्हा ह्या माळावर काचेचा कपटा सापडणार नाही. भंडारा उचलून बोललेलं खोटं पडलं तर त्यांच्यात तो माणूस पुन्हा देवळाच्या पायरीवर चढत नाही, आणि त्याच्या बोलण्यावर कुणी विसंबत नाही. शब्द आमचा होता, पण भंडारा त्याने उचलला. त्या वेळी हे मला फार काव्यमय वाटलं. परतताना मी फिरोजला तसं म्हणालोही.

पत्रक मी मोठ्या हौसेने केलं. लग्नपत्रिका आणि दहाव्याची कार्डं छापून हात विटले होते. सर्वांत मोठा टाइप काढला आणि वर ओळ टाकली: 'काच बाहेर, माणूस आत.' खाली बाटल्या, बरण्या, आरसे वगैरेंची यादी. पहिली प्रत गेणबाला दाखवायला नेली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच सुरात वाचून दाखवलं.

"ह्येवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मग नागेशराव, एवढा मोठा कागुद कशाला नासला?"

*

शनिवारी सकाळपासून गेणबा फाटकावर बसला. पाठीमागे कांद्याच्या रिकाम्या चाळीचा मांडव होता, त्यात त्याने काचा ठेवायला गव्हाचं काड अंथरलं होतं. येईल त्याची पिशवी उघडायची, काच काढायची, आतलं जे असेल ते प्लास्टिकच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात ओतायचं, बाटली काडात उभी करायची. हा सगळा कारभार त्याने एकट्याने केला. चिठ्ठी नाही, आकडा नाही, खूण नाही. फिरोज घाबरला. "आबा, शंभर-दीडशे बाटल्या होतील. कुणाची कुठली कसं कळणार?"

"मेंढरं तीनशे असत्यात. त्येंच्या कपाळावर नावं लिवल्याली असत्यात का?"

त्याची तऱ्हा अशी होती, की बाटली तो ओळखतच नव्हता. माणूस ओळखायचा. मेंढपाळ जसा प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखतो, तसा तो आलेल्या माणसाच्या तोंडाकडे एकदा नीट बघायचा, मनातल्या मनात त्याला मेंढराचं नाव ठेवायचा आणि मग काडात त्याची जागा ठरवायचा. टकलू असेल तो भुंडा. दाढी पांढरी-काळी असेल तो बांडा. लांब कानांचा असेल त्याला तर तो तोंडावरच "या, लांबकाने" म्हणाला, आणि त्या बेंगळूरूच्या गृहस्थाला ते सन्मानाचं संबोधन वाटलं. तो दोन दिवस सगळ्यांना स्वतःची ओळख 'लांबकाने' अशीच करून देत होता.

पुण्याच्या एका तरुणाच्या पिशवीतून निळ्या पाण्याची बाटली निघाली. गेणबाने ती हुंगली आणि मान मागे घेतली.

"ह्ये काय म्हनायचं?"

"दाढी केल्यावर लावतात, काका."

"मग दाढी घरला करून याची. फटफटीला काय दाढी लागतीया व्हय?"

एका बाईंची लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. त्या रडवेल्या झाल्या. स्टीलमध्ये लोणचं कळकतं, असं त्यांचं म्हणणं. म्हाळसाबाईंनी घरातून लाकडी काठवट आणून त्यात लोणचं काढून दिलं आणि वर चार फोडी चाखून, "मीठ कमी पडलंय, बाय" असा अभिप्रायही दिला. एकाने हेल्मेटच्या आत दारूची चपटी बाटली लपवली होती. गेणबाने हेल्मेट कानाशी नेऊन हलवलं. तो माणूस पांढराफटक पडला. गेणबाने बाटली काढली, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत दारू शेवटच्या थेंबापर्यंत ओतली आणि ती त्याच्या हातात दिली.

"दारूला मनाई नाही?" मी विचारलं.

"पोटात काय जातंय त्ये त्येच्या आईबापानं बगावं. मी पायाखाली काय पडतंय त्ये बगतो."

सगळ्यांत कडाक्याचं भांडण झालं ते गोटी सोडावाल्या इमामभाईंशी. इमामभाई अंथुर्ण्याचे, गेणबाचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांची सोड्याची गाडी म्हणजे सगळी काचच.

"गेणबा, पंचवीस वर्षं तुला फुकट सोडा पाजला मी!"

"फुकट कुठला? दर टायमाला माजं मेंढराचं दूध प्यालास की."

"अरे, बाटली माझ्या हातातून सुटत नाही. आजपर्यंत एक फोडली नाही."

"तुज्या हातावर माजा इस्वास हाय, इमाम. पिनाऱ्याच्या हातावर न्हाय. ऱ्हा भाईर हुबा."

इमामभाई दोन दिवस फाटकाबाहेर बाभळीखाली उभे राहिले. गिऱ्हाईक आतून यायचं, बाहेर सोडा प्यायचं आणि पुन्हा आत जायचं. दर वेळी गोटी फुटल्याचा 'फट्' झाला की गेणबा न बघताच ओरडायचा, "बाटली दे माघारी त्येच्या हातात!"

आणि ह्या फाटकातून रविवारी सकाळी मी माझा थर्मास घेऊन आलो. दुसऱ्याच्या हातचा चहा मला चालत नाही. हा माझा नखरा घरात माझ्या बायकोने, योगिनीने सोसला आणि बाहेर सगळ्या जगाने सोसावा अशी माझी अपेक्षा. गेणबाने विचारलं, "ह्यात काय?"

"चहा आहे, आबा. प्लास्टिकचा आहे."

मी थर्मासवर टिचकी मारून दाखवली. टक्-टक्. गेणबाने घ्यायला हात पुढे केला होता. तो त्याने आखडता घेतला.

"तुमी म्हनताय म्हंजी प्लास्टिकच," तो म्हणाला. "तुमीच तर कागुद छापलाय."

दुपारी बाहेर पडताना माझ्या काखेत रिकामा थर्मास होता, पिसासारखा हलका. मी उगाच आधीच बोललो, "संपला चहा." गेणबा बाटल्या परत देण्यात गुंतला होता. त्याने थर्मासकडे पाहिलंसुद्धा नाही. हलवायची तर गोष्टच सोडा. म्हणजे मी ती काच आत तशीच ठेवली असती, तरी ती खळखळत माझ्याबरोबर सुखरूप बारामतीला आली असती. लिंबाखाली ओतायची काहीच गरज नव्हती. माझ्यावर त्याचा विश्वास आहे, एवढंच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गेणबाने शंभराच्या वर बाटल्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. एकही चुकली नाही. नाशिकचा एक टकलू गृहस्थ दुसऱ्याच्या भारी बाटलीकडे हात नेत होता. गेणबाने काठी आडवी घातली. "भुंडे, ती तुमची न्हवं. तुमची ती खोकल्याची."

*

फेब्रुवारीत एक दिवस फिरोज छापखान्यात येऊन बसला. हात काळे, तोंडही तसंच.

"नागेश, घात झाला. माळावर काच सापडली."

मी खिळे जुळवत होतो. 'शुभविवाह'मधला 'वि' माझ्या हातातून खाली पडला.

गेणबाच्या चार मेंढ्यांपैकी एक दुपारची लिंबाखाली बसायला गेली. मेंढरू बसायच्या आधी पायाने जागा उकरतं. तिने उकरली. माझा चपटा दगड बाजूला सरला, मुरूम उडाला आणि तिच्या खुरात काच गेली. मला माळाचं एवढंही ज्ञान नव्हतं, की अख्ख्या माळावर एकच सावली असेल तर उन्हाळ्यात सगळी मेंढरं तिथेच बसणार. लपवायला मी नेमकी त्यांची बसायची जागा निवडली होती.

"मेंढी जगेल," फिरोज म्हणाला. "हळद-तेल भरलंय. पण म्हाताऱ्याने वहाणा काढून टाकल्या. म्हणतो, माझा भंडारा खोटा पडतोय. मेंढरं यायच्या आत कपटा न् कपटा उचलीन, तोवर पायात घालणार नाही. अनवाणीच शोधतो. म्हणतो, डोळ्याला दिसत नाही ते पायाला कळतं."

"कशाची काच आहे?" मी विचारलं. आवाज माझाच होता, असं म्हणतात.

"एका बाजूला पारा लावलेली. आरसाच असणार. कुणाच्या तरी गाडीचा. मी सगळ्यांचे आरसे काढून घ्यायला पाहिजे होते. चूक माझी."

त्या वेळी माझ्यासमोर दोन वाटा होत्या. मी तिसरी काढली. "हो," मी म्हणालो, "आरसाच असणार." आणि एवढ्यावर न थांबता वर म्हणालो, "असू दे रे, तुझी काही चूक नाही." म्हणजे माझ्या पापाबद्दल मी फिरोजला माफसुद्धा करून टाकलं.

त्याच रविवारी मी बारामतीच्या चांभाराकडून करकरीत नवा वहाणांचा जोड घेतला आणि एसटीने शेळगावला गेलो. गुन्हा कबूल करण्यापेक्षा वहाणा स्वस्त पडतात. गेणबा लिंबापासून वीसेक हातांवर वाकून चालत होता. उकरलेली माती वाऱ्याने आणि मेंढरांच्या पायांनी इकडेतिकडे झाली होती. तो एक पाऊल टाकायचा, पाय जमिनीवर हळूच घासायचा, थांबायचा. टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याला चिंधी. कमरेला दुधी भोपळ्याचं वाळकं तुंबडं, त्यात वेचलेले कपटे.

"आबा, हे तुमच्यासाठी," मी जोड पुढे केला.

त्याने उलटसुलट करून बघितला, तळवा अंगठ्याने दाबला. "झ्याक हाय. कातडं चांगलंय." मग लिंबाच्या फांदीला त्याने तो जोड अडकवला. "माळ साफ झाला की घालीन."

मी म्हणालो, "मीही शोधू लागतो."

"तुमच्या पायात बूट हायती," तो म्हणाला आणि पुढे सरकला.

बूट काढायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी त्या लिंबाकडे पाहिलं, लोंबणाऱ्या वहाणांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. तीनची एसटी होती. मी तीनच्या एसटीने परत आलो.

पुढे दोन-तीन वेळा गेलो. एकदा मलम घेऊन, एकदा कलिंगड घेऊन. एकदा तर फिरोजच्या गॅरेजमधलं मोठं लोहचुंबक घेऊन गेलो. गेणबाने त्याला दोन खिळे, एक नट आणि एक घोड्याची जुनी नाल चिकटलेली बघितली. "काच सोडून समदं घावलं," तो म्हणाला. दर वेळी मी सांगायचं ठरवून जायचो आणि दर वेळी ती तीनची एसटी यायची. एसटी एवढी वेळेवर येताना मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

गावात बोलणं सुरू झालं होतं. देवळाची पायरी गेणबाने फेब्रुवारीपासून चढली नव्हती. खालूनच हात जोडायचा. कोकणातून निरोप आला, की माणसं मेंढरं घेऊन निघालीत, पंधरा दिवसांत पोचतील. फिरोज म्हणाला, "पुतण्याने विचारलंय, माळ साफ आहे का, का कळप दुसरीकडे न्यायचा? म्हाताऱ्याने उत्तरच धाडलं नाही." नऊ माणसांचे कळप. त्यांनी माळ टाळला, तर ते गेणबाचा शब्द टाळल्यासारखं होतं. त्यांच्यात तो मग जिवंत असून नसल्यासारखाच.

मी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेलो. हातात काहीही न घेता.

दुपारचे बारा. आधी घर लागलं. म्हाळसाबाईंनी तांब्या पुढे केला. त्यांच्या पिठाच्या चाळणीचं पितळी कडं दारात पडलं होतं, जाळी फाटलेली.

"माती चाळली," त्या म्हणाल्या. "लिंबाखालची समदी. माजी चाळन गेली. म्या म्हनलं, खुळं हाय का तुमी? ऐकतंय व्हय? बसा, नागेशराव. उनाचं आलाय."

"पाय कसे आहेत त्यांचे?"

"कसलं पाय आन् कसलं काय. होळीच्या म्होरं बारामतीला चालत गेलं हुतं. अनवानी."

"बारामतीला? कशाला?"

"बाजारात. दुकानात जाऊन त्या थर्मासची काच दाखव म्हनलं. दुकानवाला म्हनला, घ्यायची हाय का? तर म्हनलं, न्हाय, निस्ती बगायची हाय. फिरवून फिरवून बघितली आन् दिली माघारी." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तुमच्या छापखान्याच्या दारावरनंच आलं म्हनं. म्या म्हनलं, पानी तरी प्याचं न्हाय का त्येंच्याकडं? तर म्हनलं, नागेशराव कामात हुतं."

तांब्या मी खाली ठेवला. होळीच्या आधी. म्हणजे वहाणा घेऊन गेलो त्याच्यानंतर लगेच. मलम, कलिंगड आणि लोहचुंबक ह्या सगळ्यांच्या आधी. त्या दिवशी मी छापखान्यात होतो. कामात नव्हतो. पान खात बसलो होतो.

लिंबाकडे चालत जायला दहा मिनिटं लागतात. मला किती लागली ते माहीत नाही.

गेणबा लिंबाखाली गुडघ्यांवर बसून मुरूम बोटांनी चाचपत होता. शेजारी त्याचं घोंगडं पसरलेलं, आणि घोंगड्यावर माझा थर्मास होता. म्हणजे त्याची काच. ओल्या मातीचा एक लांबट गोळा करून त्यावर त्याने एकेक कपटा जागच्या जागी दाबून बसवला होता. मान, खांदा, पोट. फट राहिली तिथे लोकरीचा धागा गुंडाळलेला. आरसा सपाट असतो आणि ह्या काचेला बाक आहे, हे त्याला पहिल्या तुकड्यालाच कळलं असणार. माणसाचं तोंड एकदा पाहून त्याची बाटली लक्षात ठेवणारा माणूस तो. त्या फाटकातून आत गेलेली आणि त्याने न हलवलेली वस्तू एकच होती.

सगळी काच भरत आली होती. फक्त बुडाशी बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी होती. थर्मासच्या काचेला बुडाशी एक बारीक टोक असतं, मेंढीच्या सडासारखं. तेवढंच नव्हतं. डोक्यावर फांदीला वहाणांचा जोड लोंबत होता, चार महिन्यांच्या उन्हाने वाळून वाकडा झालेला.

गेणबाने वर पाहिलं. "आलाव?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा बोटं मुरमात घातली.

बोलायचं मी वाटेत पाठ करून ठेवलं होतं. सुरुवात चांगली होती, मधे एक दृष्टान्तही होता. त्यातलं काही आठवलं नाही. मी बूट काढले. मुरूम असा तापला होता, की मी एका पायावर उभा राहिलो, मग दुसऱ्या.

"आबा," मी म्हणालो, "तो थर्मास माझा होता. टाळ्या वाजवताना फुटला. तुम्ही फाटकावर हलवून बघाल म्हणून मीच इथे ओतला. काच आहे हे मला ठाऊक होतं. प्लास्टिकचा आहे म्हणालो ते खोटं होतं. आरसा आहे म्हणालो तेही. तुमचा भंडारा मी खोटा पाडला, आबा."

गेणबाने मान वर केली नाही. बोटांनी मुरूम चाळत राहिला.

"ठावं हाय. हुबं ऱ्हाऊन घावत न्हाय, वाका."